डिप्रेशनची गोळी चालू, तरी कामात लक्ष लागेना: दोन्ही आजार असतील तर ‘उत्तेजक’ औषध चालतं का? चाचण्यांतून काय हाती आलं?

पीककर्जाच्या नूतनीकरणाचा अर्ज चार महिने अर्धाच भरून पडलाय. मोटारीचा फ्यूज आणायला तालुक्याला गेलेला माणूस दुसरंच काही घेऊन परत येतो. वीजबिलाची तारीख दर वेळी हुकते. घरचे म्हणतात, ‘याचं कशातच मन नाही.’ शेवटी कुणीतरी दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी नैराश्याची, म्हणजे डिप्रेशनची गोळी सुरू केली. दोन-तीन महिन्यांत झोप सुधारली, रडू थांबलं, माणूस पारावर चारचौघांत बसायला लागला. पण तो अर्ज अजून अर्धाच आहे.

अशा वेळी दोन शक्यता असतात. एक तर नैराश्य पुरतं गेलेलं नाही. नाहीतर त्याच्याखाली आणखी एक आजार आहे, जो लहानपणापासून होता आणि कुणी ओळखलाच नाही. त्याचं नाव एडीएचडी. मराठीत अतिचंचलता म्हणतात, पण मोठ्या माणसात चंचलता बाहेरून दिसेलच असं नाही. लक्ष न टिकणं, विसरभोळेपणा, हातातलं काम सोडून दुसरं धरणं, वेळेचा अंदाज न येणं, आतून सतत अस्वस्थ असणं, अशी त्याची लक्षणं मोठेपणी दिसतात. जगभरच्या अभ्यासांचा अंदाज धरला तर शंभर प्रौढांत दोन-तीन जणांना हा आजार असतो. आणि ज्याला तो असतो त्याला नैराश्य येण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. वर्षानुवर्षं ‘आळशी’, ‘बेजबाबदार’ ऐकून घेतल्यावर मन खचतं, यात नवल काहीच नाही.

दोन आजार वेगळे ओळखायचे कसे, हाच खरा पेच. लक्ष न लागणं हे नैराश्याचंही लक्षण आहे आणि एडीएचडीचंही. फरक काळाचा आहे. नैराश्य येतं, काही आठवडे किंवा महिने राहतं, जातं, पुन्हा येऊ शकतं. एडीएचडी मात्र बारमाही. निदानाच्या नियमानुसार त्याची काही लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीच दिसलेली असावी लागतात. म्हणून डॉक्टर पस्तिशीच्या माणसाला विचारतात, ‘चौथीत असताना कसे होता?’ याचं उत्तर त्या माणसापेक्षा त्याची आई किंवा मोठी बहीण नीट देऊ शकते. दप्तर रोज कुठेतरी विसरणारा, वर्गात खिडकीबाहेर बघत बसणारा पोरगा त्यांना पक्का आठवत असतो.

गणिताच्या गोळ्या

एडीएचडीवर सगळ्यात जास्त वापरली जाणारी औषधं ‘उत्तेजक’ गटातली आहेत. मेंदूत डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन ही दोन रसायनं एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेतात. ही औषधं त्या रसायनांचं प्रमाण वाढवतात, त्यामुळे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं सोपं जातं.

याचा शोध योगायोगाने लागला. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलांवर उपचार करायचे. तपासणीनंतर मुलांची डोकी दुखायची, म्हणून त्यांनी बेंझेड्रिन हे अॅम्फेटामिन गटातलं औषध देऊन पाहिलं. डोकेदुखीत फारसा फरक पडला नाही, पण 30 पैकी जवळजवळ निम्मी मुलं शाळेत एकदम लक्ष देऊन अभ्यास करायला लागली. मुलं त्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणायची. ही गोष्ट 1937 ची. पुढे 1944 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझॉन यांनी मिथाइलफेनिडेट तयार केलं. त्याचं ‘रिटालिन’ हे नाव त्यांच्या पत्नीच्या रीटा या लाडक्या नावावरून पडलं.

म्हणजे औषध जुनं आहे. अलीकडचा प्रश्न असा की ज्याला एडीएचडीही आहे आणि नैराश्यही, अशा मोठ्या माणसाला ते दिलं तर काय होतं? यावरची माहिती वाटते तेवढी भरपूर नाही. त्याची कारणं चाचणीच्या पद्धतीतच आहेत.

चाचणी म्हणजे नेमकं काय करतात?

बियाण्याचं नवं वाण आलं की हुशार शेतकरी सगळं रान त्याच्यात घालत नाही. शेजारी शेजारी दोन सरी पेरतो, खत-पाणी सारखंच देतो आणि मग बघतो. औषधाची चाचणी तशीच. लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडतात. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती मिळाली हे रुग्णालाही माहीत नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. शेवटी गुण मोजतात. नैराश्यासाठी ‘मॅड्रस’ नावाची 10 प्रश्नांची पट्टी वापरतात, तिच्यात 0 ते 60 गुण. आकडा जितका मोठा तितकं नैराश्य खोल.

अडचण इथेच सुरू होते. बऱ्याच एडीएचडी चाचण्यांत गंभीर नैराश्य असलेल्यांना घेतच नाहीत. एक कारण जिवाच्या धोक्याचं, दुसरं हिशेबाचं. लक्ष न लागणं दोन्ही आजारांच्या पट्टीत मोजलं जातं. मग गुण सुधारले तर नेमका कोणता आजार कमी झाला, हे सांगणं कठीण. शिवाय उत्तेजक गोळी घेतली की छाती धडधडते, भूक मरते. रुग्णाला दुसऱ्या दिवशीच अंदाज येतो की आपल्याला खरी गोळी मिळाली. झाकलेलं उघडं पडतं आणि ‘औषध चाललं’ या आशेनेच काही गुण वाढतात. म्हणजे ज्या रुग्णाला या माहितीची सर्वात जास्त गरज, तोच चाचणीच्या बाहेर राहतो.

तरी काही चाचण्यांनी वाट दाखवली. मार्गारेट वाइस आणि लिली हेख्टमन या कॅनडातल्या दोन मनोविकारतज्ज्ञांची चाचणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. एडीएचडी असलेले 98 प्रौढ, 20 आठवडे. काहींना डेक्सट्रोअॅम्फेटामिन हे उत्तेजक, काहींना पॅरॉक्सेटिन ही नैराश्याची गोळी, काहींना दोन्ही, काहींना औषध नसलेली गोळी. सोबत सगळ्यांना समुपदेशन. निकाल बराच स्वच्छ होता. उत्तेजकाने एडीएचडीची लक्षणं कमी झाली, पॅरॉक्सेटिनने मनाची उदासी आणि चिंता. नैराश्याच्या गोळीचा लक्ष टिकण्यावर उपयोग झाला नाही. अर्ज अर्धाच का राहतो, याचं उत्तर इथे बऱ्यापैकी मिळतं.

मग उत्तेजकानेच नैराश्यही जाईल का? हेही करून पाहिलं गेलं. नैराश्याच्या गोळीने पुरता फरक न पडलेल्या रुग्णांना जोडीला लिसडेक्सअॅम्फेटामिन दिलं. आधीच्या छोट्या चाचणीत आशा दिसली होती. पण तिसऱ्या टप्प्याच्या दोन मोठ्या चाचण्यांत ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. 2016 मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले. लक्षात घ्यायचं ते असं की हे रुग्ण नैराश्याचे होते, त्यांची निवड एडीएचडीवरून केलेली नव्हती. त्यामुळे ‘उत्तेजक म्हणजे नैराश्याचं औषध’ हा समज या चाचण्यांत टिकला नाही. दोन्ही आजार असलेल्यांचा प्रश्न मात्र त्यांनी सोडवला नाही.

स्वीडनमधून वेगळी माहिती आली. तिथे प्रत्येक नागरिकाच्या औषधांची सरकारी नोंद असते. एडीएचडी असलेल्या 38,752 जणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एडीएचडीचं औषध घेतलेल्यांमध्ये तीन वर्षांनी नैराश्याचा धोका 42 टक्क्यांनी कमी दिसला. आकडा मोठा आहे, पण ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे. जे नियमित औषध घेतात त्यांच्या घरची साथ, पैसा, शिस्त हेही वेगळं असू शकतं. एवढं मात्र म्हणता येतं की नीट तपासून दिलेल्या औषधाने लोक सरसकट नैराश्यात ढकलले जात नाहीत.

डॉक्टर सुरुवात कुठून करतात?

व्यवहारात साधारण नियम असा की जो आजार जास्त गंभीर, त्याच्यावर आधी उपचार. माणूस जेवत नसेल, जीव द्यायच्या गोष्टी बोलत असेल, तर आधी नैराश्य. तिथे लक्ष आणि अर्ज नंतर. नैराश्य सौम्य असेल आणि कामातल्या गोंधळामुळेच मन खचत असेल, तर आधी एडीएचडीवर औषध देऊन बघतात. कधी दोन्ही एकत्र चालवतात.

उत्तेजक सुरू करण्याआधी एक गोष्ट तपासलीच पाहिजे: पूर्वी कधी उन्मादाचा झटका आला होता का? रात्र-रात्र झोप नाही तरी थकवा नाही, सुसाट बोलणं, वाटेल तसा खर्च, ‘मीच राजा’ असा तोरा. असं होऊन गेलं असेल तर तो द्विध्रुवी, म्हणजे बायपोलर आजार असू शकतो, आणि उत्तेजकाने उन्माद पुन्हा उसळू शकतो. घरच्यांनी हे डॉक्टरांपासून लपवू नये, लाजेपोटी तर मुळीच नाही. रक्तदाब, हृदयाचा आजार, घरात कुणाचा तरुणपणी अचानक हृदयाने झालेला मृत्यू, दारू किंवा इतर व्यसन, हेही सांगायचं. भूक कमी होणं, झोप उडणं, तोंड कोरडं पडणं, नाडी आणि रक्तदाब वाढणं हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत, म्हणून वजन आणि रक्तदाब अधूनमधून मोजतात.

औषधांची सरमिसळही पाहावी लागते. एमएओआय गटातली जुनी नैराश्याची औषधं चालू असतील किंवा बंद करून 14 दिवस झाले नसतील, तर उत्तेजक देत नाहीत. रक्तदाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. अॅटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचं औषध उत्तेजक नाही आणि भारतातही मिळतं. पण फ्लुओक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिनबरोबर घेतलं तर त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून डोस सांभाळून ठरवावा लागतो.

दुकानात सहज का मिळत नाही?

भारतात मिथाइलफेनिडेट ‘शेड्यूल एक्स’मध्ये आहे. ते ठेवायला दुकानाला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची असते. त्यामुळे तालुक्याच्या मेडिकलमध्ये ‘नाही’ असं उत्तर मिळालं तर दुकानदारावर चिडण्यात अर्थ नाही. पुतण्याची गोळी काकाने ‘घेऊन तर बघू’ म्हणून घेणं हे मात्र जिवाशी खेळणं आहे, आणि कायद्यातही बसत नाही.

कुणी औषधाच्या चाचणीत भाग घ्यायला बोलावलं, तर विचारण्यासारखं बरंच आहे. चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया’मध्ये आहे का? नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. संमतीपत्र समजेल अशा भाषेत हवं, वाचून घ्यायला वेळ हवा, आणि मधेच बाहेर पडलं म्हणून नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च आणि भरपाई देणं बंधनकारक आहे.

चालू असलेली नैराश्याची गोळी हा मजकूर वाचून बंद करू नये. अचानक थांबवली तर चक्कर, बेचैनी येते आणि आजार उलटतो. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणी होते. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं, जुने केसपेपर आणि सापडलं तर शाळेचं प्रगतिपुस्तक बरोबर न्यावं. मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर त्या तारखेची वाट बघू नये. टेली मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.