जमालगोट्याचा ॲमेझॉनमधला भाऊबंद

जमालगोटा काय करतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. गंमत अशी, की त्याच क्रोटॉन प्रजातीतलं एक झाड पेरू-इक्वेडोरच्या वर्षावनात वाढतं आणि तिथले आदिवासी त्याचा चीक जुलाब थांबवण्यासाठी घेतात. शास्त्रीय नाव क्रोटॉन लेखलेरी, तिकडच्या स्पॅनिशमध्ये ‘सांग्रे दे द्रागो’, म्हणजे ड्रॅगनचं रक्त. सालीवर घाव घातला की रक्तासारखाच गडद लाल चीक ओघळतो. जखमेवर तो बोटानं चोळतात. चोळताना फेसाळून फिकट होतो आणि वाळल्यावर त्याचा पातळ पापुद्रा धरतो. किडा चावला, तोंड आलं, तरी हाच उपाय.

पोटाच्या उपयोगावर विज्ञानानं शिक्कामोर्तब केलं आहे. जुलाबात आतड्याच्या पेशींमधून क्लोराइड बाहेर पडतं आणि त्यामागोमाग पाणी. चिकातल्या प्रोअँथोसायनिडिन या टॅनिनवर्गीय द्रव्यांपासून काढलेलं क्रोफेलेमर क्लोराइडच्या दोन वाटा अडवतं. अमेरिकेच्या एफडीएनं २०१२च्या अखेरीस ते एचआयव्ही रुग्णांच्या संसर्गाविना होणाऱ्या जुलाबांसाठी मंजूर केलं. वनस्पतिजन्य औषध म्हणून पोटात घ्यायला मिळालेली ही तिथली पहिली मंजुरी. त्याच्या विकासात मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीचाही वाटा होता.

चेहऱ्याचं काय? सुरकुत्या घालवण्याच्या दाव्यानं ‘ड्रॅगन्स ब्लड’ची क्रीम आणि सीरम विकली जातात. चिकातलं टॅस्पिन हे अल्कलॉइड जखम भरून आणणाऱ्या पेशींना चालना देतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. शिवाय चिकातली टॅनिनवर्गीय द्रव्यं अँटिऑक्सिडंट आहेत. पण काचेच्या बशीतली पेशी म्हणजे पन्नाशीतला गाल नव्हे! क्रोफेलेमरचे रेणू इतके मोठे, की आतड्यातूनही ते रक्तात फारसे शिरत नाहीत. मग धडधाकट त्वचेत खोलवर जातील कसे? क्रीम लावल्यावर त्वचा ताणल्यासारखी वाटते, ती बहुधा त्या पापुद्र्यामुळेच. चेहरा धुतला की तोही गेला.

त्यातून बाटलीवरचं नावही फसवं. सोकोत्रा बेटावरच्या ड्रॅसिना झाडाचा डिंक, सुमात्रातल्या वेताच्या फळांची राळ, यांनाही ‘ड्रॅगन्स ब्लड’च म्हणतात, आणि त्यांची रसायनं निराळी. घ्यायचंच असेल तर घटकांच्या यादीत ‘क्रोटॉन लेखलेरी’ आहे का ते पाहा आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून बघा. सुरकुत्यांसाठी मात्र त्यावर जास्तीचे पैसे घालवण्यात अर्थ नाही.