फोनला कुलूप नाही, तरी सेवा का नाही?

जुलै २०२४ मध्ये खासगी मोबाईल कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दर वाढविले. देशभरातील लाखो ग्राहक नंबर तोच ठेवून भारत संचार निगमकडे वळले. आमच्या साक्री, पिंपळनेर, दहिवेलकडचे कष्टकरीही त्यात होते. चार पैसे वाचले तर कुणाला नको आहेत? परंतु नवे सीमकार्ड घातल्यावर कित्येकांच्या फोनवर इंटरनेट चालेना, काहींना नेटवर्कच मिळेना.

‘फोन अनलॉक आहे, कोणतेही सीम चालेल,’ असे दुकानदार छातीठोकपणे सांगतो. हे अर्धेच सत्य होय. कुलूप नाही याचा अर्थ एवढाच, की फोन दुसऱ्या कंपनीचे सीम नाकारणार नाही. त्या कंपनीच्या लहरी पकडण्याची सोय त्यात आहे काय, हा प्रश्न वेगळा आहे. निगमची फोर-जी सेवा प्रामुख्याने ७०० व २१०० मेगाहर्ट्झवर चालते. ७०० च्या लहरी दूरवर जातात, म्हणून खेड्यापाड्यांना त्याच उपयोगी. पण जुन्या स्वस्त फोनमध्ये ही ७०० ची, म्हणजे ‘बँड २८’ ची, सोय बहुधा नसते. उलट जिओचे टू-जी, थ्री-जी जाळे मुळातच नाही. म्हणून ज्या फोनात व्होल्टे नाही, त्यावर जिओच्या सीमने साधे बोलणेही होत नाही.

गरिबाला स्वस्तात फोन द्यायचा आणि एकाच खुंटीला बांधायचे, ही रीत जुनीच. २००३ मध्ये रिलायन्सने ५०१ रुपयांत सीडीएमए फोन हाती दिले; ते दुसऱ्या कंपनीच्या जीएसएम सीमवर चालणारे नव्हते. २०१७ चा जिओफोन १,५०० रुपये अनामत घेऊन आला, त्यालाही जिओचेच कुलूप! नंबर बदलून न घेता कंपनी बदलण्याचा हक्क २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाला. पण हा हक्क नंबराचा आहे, फोनचा नव्हे.

म्हणून बांधवांनो, १९०० वर पोर्टचा संदेश पाठविण्याआधी शेजाऱ्याचे त्या कंपनीचे सीम मागून घ्या. आपल्या फोनात घालून आपल्याच घरात, आपल्याच शेतात बोलून पाहा, इंटरनेट लावून पाहा. कारण एकदा कंपनी बदलली, की पुढचे ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही. त्याच नंबरावर आधारचा, बँकेचा, लेकरांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी येतो. नंबर मुका झाला तर माणूस कागदावर उरतो कुठे?

आधीच बदलून बसला असाल तर प्रथम सेटिंगमध्ये फोर-जी आणि व्होल्टे चालू आहे का पाहा. नेटवर्क हाताने निवडा. ‘एपीएन’च्या रकान्यात जुन्या कंपनीचे नाव राहिले असेल, तेथे इंग्रजी लहान अक्षरांत ‘बीएसएनएलनेट’ लिहा, आणि फोन बंद करून चालू करा. फोन जुना विकत घेतलेला असेल तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून १५ अंकी आयएमईआय काढा. इंग्रजीत ‘केवायएम’, मग जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर पाठवा; चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल तर तेथे कळते. बँडच नसेल तर मात्र कोणतीही सेटिंग उपयोगाची नाही. अशा वेळी निगमचे सीम साध्या टू-जी बटणाच्या फोनात ठेवा, ओटीपी तरी येत राहील.

दोष कंपनीचा असेल तर तिच्या तक्रार केंद्रात नोंद करून तक्रार क्रमांक घ्या. तेथे भागले नाही तर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. टेलिफोनचे वाद ग्राहक मंचात चालत नाहीत, असे २००९ च्या एका निकालावर बोट ठेवून कंपन्या सांगत. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात ग्राहक मंचाचा अधिकार मान्य केला.

आणि दुकानदाराने ‘सगळी सीम चालतात’ म्हणून फोन गळ्यात मारला असेल तर? आपली माणसे सुरतेकडे मजुरीला जातात, फोन तिकडेच घेतात, आणि गावी आल्यावर तो चालत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते. म्हणजे फोन सुरतेचा असला तरी दावा धुळ्याच्या जिल्हा आयोगात चालेल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत दोन वर्षांची आहे. पावती मात्र हवी, आणि तिच्यावर दुकानदाराकडून ‘सर्व कंपन्यांचे फोर-जी चालेल’ एवढे लिहून घ्यावे. तो लिहून देत नसेल, तर पैसे काढायच्या आधीच दुसरे दुकान पाहावे.