हातांची मुद्रा, श्वासाची लय

उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर ठेवा आणि नाडी शोधा. आता सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. नीट लक्ष दिलेत तर जाणवेल, श्वास घेताना नाडी किंचित भरभर चालते, सोडताना मंदावते. तरुण वयात हा फरक अधिक स्पष्ट असतो. प्राणायामाने मन शांत होते असे आपण म्हणतो. त्याचे एक कारण असे आपल्याच मनगटावर सापडते.

हृदय आपल्या हुकमाने चालत नाही, आतडीही नाहीत. श्वास मात्र दोन्हीकडचा आहे. आपण झोपलो तरी तो चालतो, आणि मनात आणले तर त्याला लांबवताही येते. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत व्हेगस नावाचा मज्जातंतू जातो. श्वास सोडताना त्याचा प्रभाव वाढतो आणि हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणून शांत व्हायचे तर श्वास सोडण्याचा वेळ वाढवावा.

एरवी आपण मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. चार सेकंद घेतला, सहा सेकंद सोडला, की मिनिटाला सहाच होतात. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी २३ निरोगी माणसांकडून एकदा ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एकदा बौद्धांचा मंत्र म्हणवून घेतला. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली!

काही मुसलमान मित्र मला विचारतात, ‘‘हे आपल्याला चालतं का?’’ मी त्यांना ग्वाल्हेरचे सूफी शेख मुहम्मद गौस यांचे नाव सांगतो. सोळाव्या शतकात त्यांनी ‘बहर-उल-हयात’ या फारसी ग्रंथात योगाची आसने आणि श्वासाच्या क्रिया वर्णन केल्या. तानसेनची कबर त्यांच्याच मकबऱ्याच्या आवारात आहे. सूफींच्या साधनेत श्वासावर लक्ष ठेवण्याला ‘पास-ए-अन्फास’ म्हणतात. आपल्या श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांनी तर मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. मंत्र म्हणायचा नसेल त्याने नुसते आकडे मोजावेत. फुप्फुसांना दोन्ही सारखेच.

आता मुद्रांकडे वळू. ‘हठप्रदीपिके’त दहा मुद्रा आहेत, ‘घेरंडसंहिते’त पंचवीस; पण त्या बहुतेक साऱ्या शरीराची बैठक, गळा, पोट, जीभ यांच्याशी संबंधित आहेत. अमुक बोट अमुक बोटाला लावले की अमुक रोग जातो, अशी कोष्टके आज घरोघर दिसतात. त्यांना भक्कम वैद्यकीय पुरावा नाही. मग ज्ञानमुद्रेत अंगठा आणि तर्जनी जुळवायची कशासाठी? हाताला विसावा मिळतो, चाळा थांबतो. मन भरकटले की बोटे सुटतात आणि आपल्याला ते लगेच कळते. एवढे काम मुद्रा चोख करते.

हे तपासून घेण्याची परंपराही आपल्याकडचीच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात ‘कैवल्यधाम’ स्थापन केले आणि यौगिक क्रिया क्ष-किरण व दाबमापक यंत्रांसमोर आणल्या. नुसत्या श्रद्धेवर त्यांचे समाधान नव्हते. आपणही तेवढे चोखंदळ असायला हवे. कारण मुद्रेच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी बंद करणारी, दम्याचा पंप बाजूला ठेवणारी माणसे आपल्या आसपास आहेत. त्याची किंमत पक्षाघाताने किंवा प्राणाने मोजावी लागू शकते. दीर्घ श्वसन औषधाच्या जोडीला असावे, त्याच्या जागी नव्हे. रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखून धरणे हे प्रकार टाळावेत. करायचेच तर आधी डॉक्टरांना विचारावे. सिंह-हत्तीला माणसाळवावे तसा प्राण हळूहळू वश करावा, घाई केली तर तो साधकालाच मारतो, असा इशारा ‘हठप्रदीपिका’ही देते.

सुरुवात सोपी आहे. खुर्चीवर बसलात तरी चालेल. पाठ ताठ, खांदे सैल, हात गुडघ्यांवर, अंगठा-तर्जनी अलगद जुळलेली. नाकाने चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. पोट फुगू द्या, ओसरू द्या. गरगरले किंवा धाप लागली तर थांबा. रोज पाच मिनिटे पुरेत. त्याला ना फी लागते, ना कुणाची परवानगी.