यूएलए नावाचा बंद चौकोन

भोसरी एमआयडीसीत किंवा चाकणच्या एखाद्या व्हेंडरकडे जुनं परदेशी मशीन बंद पडतं, तेव्हा अनेकदा लोखंडाला काहीच झालेलं नसतं. स्पिंडल ठणठणीत असतो, कंट्रोल कार्डावरची एखादी चिप गेलेली असते. ती बाजारातून केव्हाच हद्दपार झालेली. सर्किट डायग्राम हाती लागला, तरी त्या जागी नुसता चौकोन आणि पिनांचे नंबर. जुना घरगुती संगणक नव्याने उभा करणाऱ्यांनी नेमका असा एक चौकोन उघडून दाखवला आहे. त्यांच्या कामाला नुसता छंद म्हणणं मला पटत नाही.

तो संगणक म्हणजे सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम. पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली त्याच वर्षी, एप्रिल १९८२ मध्ये, तो ब्रिटनमध्ये आला. १६ केबीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. पुढे डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन भारतात 'डीबी स्पेक्ट्रम+' विकला. तो टीव्हीला जोडायचा, प्रोग्रॅम कॅसेटवरून चढवायचा. किंमत खाली ठेवण्यासाठी रिचर्ड आल्टवासर यांनी बरंचसं फुटकळ लॉजिक फेरांटी कंपनीच्या एकाच चिपमध्ये बसवलं. तीच यूएलए.

पडद्यावरचं चित्र, कीबोर्ड, कॅसेट, आवाज हे सगळं तिच्याकडे. चित्रासाठी ६,९१२ बाइट मेमरी लागते, आणि ती ज्या १६ केबीत आहे तिथे झेड-८० प्रोसेसरचीही ये-जा चालते. दोघांनी एकाच वेळी हात घातला तर यूएलए प्रोसेसरचं क्लॉक थांबवते. हे थांबणं ठरलेल्या क्रमाने येतं: क्लॉकचे ६, ५, ४, ३, २, १, ०, ० टप्पे, आणि पुन्हा ६. एक चित्र पूर्ण व्हायला ६९,८८८ टप्पे. गेम लिहिणाऱ्यांनी हे मोजमाप गृहीत धरून कोड बसवले. त्यामुळे नव्या बोर्डात ही अडचण काढून टाकली, तर संगणक वेगवान होतो आणि काही जुने प्रोग्रॅम बिघडतात. मूळ यंत्राची खोडसुद्धा जशीच्या तशी उतरवावी लागते.

ख्रिस स्मिथ यांनी ते करून दाखवलं. यूएलएचं काम त्यांनी ७४ मालिकेच्या साध्या चिप जोडून करून घेतलं. त्या बोर्डाचं नाव हार्लेक्विन. यूएलएच्या आतली सगळी रचना त्यांनी २०१० च्या पुस्तकात मांडली. इतरांनी मग हार्लेक्विनचे पीसीबी बनवले. मूळच्या ४११६ मेमरी चिपना +१२, +५ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागत. −५ गेलं की चिप जळायच्या. हार्लेक्विनमध्ये स्टॅटिक रॅम वापरल्याने ते दुखणंच संपलं.

आपल्या पट्ट्यात पीसीबी बनवणारे, सोल्डरिंगचा हात असलेले, ऑसिलोस्कोप वाचणारे पुष्कळ. कमी पडतं ते कार्ड चालू असताना नोंद करणं. बिघाड झाल्यावर जो तो चिप शोधत फिरतो. त्याआधीच क्लॉक किती, प्रत्येक पिनवर कुठल्या क्षणी काय येतं, हे उतरवलं असतं तर बंद चौकोन निम्मा उघडला असता. वेळही फार नाही. झेड-८० बनवणाऱ्या झायलॉगने २०२४ मध्ये त्याच्या मूळ ४० पिनांच्या चिपच्या शेवटच्या ऑर्डरी घेतल्या. जुन्या कार्डांवरच्या ईप्रॉमचा साठवलेला चार्जही वर्षागणिक झिरपतो. कार्डावर काचेच्या खिडकीची ईप्रॉम दिसली, तर खिडकीवरचं स्टिकर तसंच ठेवून प्रोग्रामरवर तिची कॉपी याच आठवड्यात काढून ठेवा, आणि फाइलला मशीनचा नंबर द्या.