ओंडका उचलणारा पंजा आणि माणसाची कंबर



मागील महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने आम्हाला मोबाइलवर एक चित्रफीत दाखविली. त्यांचा मुलगा कॅनडात झाडे तोडणाऱ्या एका कंपनीत कामाला आहे. चित्रफितीत म्हशीएवढे एक लहानसे यंत्र होते. त्याच्या पाठीमागच्या फळीवर चालक उभा होता आणि समोरच्या लोखंडी पंजात बुंध्याचा भला मोठा तुकडा धरलेला होता. दोन घरांमधल्या अरुंद बोळातून ते यंत्र ओंडका घेऊन सरळ रस्त्यावर आले. सोबतीचा माणूस दूर नुसता उभा होता. मुलाच्या आईने आम्हाला विचारले, "फादर, असलं मशीन आपल्याकडं मिळतंय काय?"

प्रश्न साधा होता. पण आम्हाला काही वर्षांपूर्वीचा एक पावसाळा आठवला. चर्चच्या आवारातील जुना आंबा वाऱ्याने पडला होता. सण जवळ आला होता आणि अंगण मोकळे व्हावे म्हणून घाई आम्हीच केली. पाच जणांनी ओंडका खांद्यावर घेतला. चिखलात एकाचा पाय घसरला आणि सगळे ओझे शेजारच्याच्या कमरेवर आले. तो बांधव दोन महिने अंथरुणावर होता. त्याच्या भाताची लावणी शेजाऱ्यांनी केली. ओंडका मात्र सण झाला तरी तेथेच पडून होता. तेव्हापासून या विषयावर लिहावे असे मनात होते.

हे यंत्र आले कोठून

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९५७ साली सिरिल आणि लुई केलर या दोन भावांनी एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्यासाठी एक छोटे यंत्र बनविले. टर्की म्हणजे मोठ्या कोंबडीसारखा पक्षी. त्याच्या खुराड्यातील घाण काढायची होती, पण आत खांब फार आणि जागा थोडी. म्हणून जागच्या जागी वळेल असे यंत्र त्यांनी घडविले. पुढे त्याच जातीची यंत्रे 'बॉबकॅट' या नावाने जगभर गेली. एका बाजूची चाके पुढे आणि दुसऱ्या बाजूची मागे फिरली, की यंत्र गिरक्या घेते. बैलजोडी वळविताना आपण एका बैलाला थोपवून दुसऱ्याला पुढे हाकतो, त्यातलाच हा प्रकार.

या यंत्राचे त्याहून लहान भावंड म्हणजे चालकाने उभ्याने चालवायचे यंत्र. त्यात 'डिंगो' हे ऑस्ट्रेलियातून आलेले नाव प्रसिद्ध आहे. आज अमेरिकेत टोरो, व्हर्मियर, डिच विच इत्यादी कंपन्या अशी यंत्रे बनवितात. त्यांची रुंदी साधारण तीन ते साडेतीन फूट असते, म्हणून ती परसाच्या फाटकातूनही जातात. पुष्कळ यंत्रांना चाकांऐवजी रबरी पट्टे असतात. त्यामुळे भार जास्त जागेवर पसरतो आणि ओल्या जमिनीत यंत्र लवकर रुतत नाही.

पंजाचे काम कसे चालते

साखर कारखान्याच्या गव्हाणीवर उसाची गाडी रिकामी करणारा क्रेनचा पंजा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. हा पंजा त्याचाच लहान प्रकार समजा. इंजिनावर एक पंप चालतो. तो तेलाला मोठा दाब देतो आणि त्या तेलाच्या जोराने पंजाची बोटे मिटतात. ट्रॅक्टरची लिफ्ट उचलते तीही तेलाच्याच दाबाने.

झाडाच्या कामात दोन प्रकारचे पंजे वापरतात. पहिला फावड्यासारखा सपाट असून वरून जबडा मिटतो. तो फांद्या, पालापाचोळा आणि मुळांचे गड्डे गोळा करण्यास बरा. दुसरा पंजा लोंबता असतो आणि गोल फिरतो. त्याने दहा फूट लांब ओंडका मधोमध धरून आडव्याचा उभा करता येतो, म्हणजे तीन फुटी वाटेनेही तो बाहेर निघतो. कॅनडातील मुलाच्या यंत्राला हाच दुसरा पंजा होता.

ओंडक्याचे वजन काढण्याची सोपी रीत

यंत्र असो वा माणूस, ओझे उचलण्यापूर्वी त्याचे वजन माहीत हवे. ओले लाकूड अदमासे पाण्याइतकेच जड धरावे. एक घनफूट पाणी म्हणजे सुमारे २८ किलो. आता दीड फूट व्यासाचा आणि सहा फूट लांबीचा ओंडका घेऊ. त्याचे आकारमान साधारण साडेदहा घनफूट भरते, म्हणजे वजन सुमारे ३०० किलो झाले. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होते. तीन फूट व्यासाचा तेवढ्याच लांबीचा ओंडका १,२०० किलोच्या घरात जातो. डोळ्यांना तो दुप्पट दिसतो आणि येथेच पुष्कळ जण फसतात.

अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने, म्हणजे निऑशने, १९९१ साली सुधारलेल्या हिशेबाप्रमाणे सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही एका माणसाने उचलण्याचे वजन २३ किलोंपेक्षा जास्त नसावे. म्हणजे आपल्या ३०० किलोंच्या ओंडक्याला तेरा माणसे लागतील. सहा फुटांच्या ओंडक्याभोवती तेरा माणसे उभी राहण्यास जागाच नाही. आम्ही त्या दिवशी पाच माणसे लावली होती.

यंत्रालाही मर्यादा असते. उभ्याने चालवायची लहान यंत्रे सुमारे २०० किलो आणि मोठी त्याहून बरेच जास्त वजन उचलतात. पट्ट्यांचे यंत्र ज्या वजनाला पुढे कलंडते, त्याच्या ३५ टक्केच वजन त्याला सुरक्षित म्हणून ठरवून दिलेले असते. १,००० किलोंना कलंडणारे यंत्र ३५० किलोंचेच समजावे. राहिलेला भाग खड्डा, उतार आणि धक्का यांच्यासाठी राखलेला असतो. तो वापरून टाकणे म्हणजे बियाण्याचे भात शिजवून खाणे होय.

यंत्राचे धोके

यंत्र आले म्हणून धोका गेला असे नाही. परदेशातील जाणते चालक पुढील नियम पाळतात:

१. ओझे जमिनीपासून वीतभरच उचलून न्यावे. ओझे वर गेले की यंत्र कलंडते.

२. चढउतारावर ओझ्याची बाजू चढाकडे ठेवावी. उतरताना यंत्र मागे मागे न्यावे. उतारावर आडवे चालवू नये.

३. मागे जाताना आधी वळून पाहावे. चालक मागच्या बाजूस उभा असल्याने यंत्र आणि भिंत किंवा झाड यांच्यामध्ये तोच चेंगरू शकतो.

४. पंजात धरलेल्या ओंडक्याखाली किंवा त्याच्या वाटेत कोणीही उभे राहू नये.

५. तेलाच्या नळीची गळती बोटाने चाचपून पाहू नये. सुईएवढ्या छिद्रातून दाबाखालचे तेल कातडीत घुसते. जखम मुंगी चावल्यासारखी दिसते, पण आत मांस सडू लागते. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी. तेल अंगात शिरलेच तर वेदना नसल्या तरी ताबडतोब मोठ्या इस्पितळात जावे, कारण त्यावर लगेच शस्त्रक्रिया करावी लागते. हा नियम आपल्या ट्रॅक्टर आणि जेसीबीलाही लागू आहे.

आपल्याकडे काय करावे

उभ्याने चालवायचे यंत्र आपल्या खेड्यांत सहसा दिसत नाही. आपल्याकडे असतो तो जेसीबी, ट्रॅक्टर किंवा नुसते हात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा ठिकठिकाणी झाडे आणि विजेचे खांब पडले. असे प्रसंग पुन्हा येणार आहेत. तेव्हा पुढील गोष्टी घरातील सर्वांना वाचून दाखवाव्यात.

पडलेल्या झाडात विजेची तार अडकली असल्यास जवळ जाऊ नये. वीज कार्यालयाकडून प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत थांबावे.

ओंडका उचलण्याऐवजी लहान करावा. वरचा दीड फूट व्यासाचा ओंडका एकेका फुटावर कापला, तर प्रत्येक चकती सुमारे ५० किलोंची होते. ती न उचलता कडेवर उभी करून गाडीच्या चाकासारखी लोटत नेता येते. उतार असेल तर लोटू नये.

लांब वासा हवाच असेल तर पहारीने तरफ लावून तो थोडा वर करावा आणि खाली गोल दांडकी सरकवून ढकलावा. दोन्ही बाजूंना दगड लावून अडवावा. पहार लावणाऱ्याने नेहमी चढाच्या बाजूस उभे राहावे.

ट्रॅक्टरने ओढताना साखळी खालच्या ड्रॉबारलाच अडकवावी. ती वर, टॉप लिंकच्या जागी, अडकविली आणि ओंडका कोठे अडला, तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकावर उलटतो. यात उडी मारण्यास वेळ मिळत नाही. साखळी ताणलेली असताना मुलाबाळांनी आसपास थांबू नये.

जेसीबीच्या बादलीत माणूस चढवून फांद्या तोडविण्याची पद्धत सर्रास दिसते. ती सोडून द्यावी. बादली माती उचलण्यासाठी आहे. तोडलेली फांदी फिरून बादलीवरच आपटते.

ओल्या जमिनीत जड यंत्र काजू, आंबा वा नारळाच्या बुडाजवळून नेऊ नये. माती दबून मुळे गुदमरतात आणि चांगले झाडही पुढे वाळू लागते. जाण्यायेण्याची एकच वाट ठरवून तीवर फांद्या अंथराव्यात. उभे झाड तोडायचे असल्यास परवानगी घ्यावी लागते. कर्नाटकात १९७६ चा आणि गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे.

कंबर धरली तर

ओझे उचलताना कंबरेत चमक आली तर काम तेथेच थांबवावे. जोराने मालीश करवून घेऊ नये. थोडे दिवस जड काम टाळावे, पण सोसेल तेवढे हिंडतेफिरते राहावे. मात्र पाय बधिर होणे, पायातली शक्ती जाणे, बैठकीच्या जागी संवेदना न राहणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. उशीर झाल्यास अपंगत्व कायमचे राहू शकते.

कोणी ओंडक्याखाली सापडला तर लगेच १०८ क्रमांकाला फोन करावा. मान किंवा पाठ दुखावली असेल तर त्याला ओढू नये. तो बराच वेळ अडकून पडला असेल तर ती वेळ डॉक्टरांना आवर्जून सांगावी. दबलेल्या मांसातील विष मोकळे झाल्यावर मूत्रपिंडांना धोका होतो, म्हणून वरवर बरा दिसणारा माणूसही इस्पितळात नेलाच पाहिजे.

घरधन्याची जबाबदारी

जुन्या करारात अनुवादाच्या पुस्तकात एक आज्ञा आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा घालावा. कोणी वरून पडून मेला तर त्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. कठडा नसलेल्या धाब्यावरून माणूस स्वतः पडला, तरी देव घरधन्यालाही विचारतो. आपल्या अंगणात रोजगारावर बोलाविलेला माणूस ओंडक्याखाली आला, तर 'त्यानेच काळजी घ्यायला हवी होती' असे म्हणून आपण सुटत नाही. आम्ही त्या पावसाळ्यात सुटलो नाही, हे येथे मान्य करतो.

म्हणून त्या माउलीला आमचे उत्तर असे: ते मशीन आपल्याकडे सहज मिळणार नाही. पण तिच्या मुलासोबतचा माणूस हात मोकळे ठेवून दूर उभा होता, तसे उभे राहणे आपल्यालाही जमेल. पावसाळ्यापूर्वी आपल्या आवारातील कलती झाडे पाहून घ्या, पहार आणि साखळी तपासा. ओंडका पडलाच तर तो दोन दिवस अधिक पडून राहिला तरी चालेल.

कष्टकरी संत योसेफ आपणा सर्वांच्या हातापायांचे रक्षण करो.