तुमच्या सॉफ्टवेअरमधल्या परक्या मालाचा हिशेब आहे का?



३१ जुलै २०२४. एनपीसीआयने सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीची यंत्रणा पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरती तोडली. कारण रॅन्समवेअर, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा हल्ला. देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडकले. त्यात सहकारी बँका होत्या, ग्रामीण बँका होत्या. दुसऱ्या दिवशी जोडणी परत सुरू झाली.

आता नीट लक्ष द्या. हल्ला त्या बँकांवर थेट झालाच नव्हता. क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार सुरुवात झाली ती सी-एजला सेवा देणाऱ्या तिसऱ्याच कंपनीत. तिथे जेन्किन्स नावाच्या मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा एक सर्व्हर नीट बंदोबस्त न करता चालू होता. त्यातल्या ज्या त्रुटीकडे अहवाल बोट दाखवतो, तिची दुरुस्ती जेन्किन्सने २४ जानेवारी २०२४ लाच दिली होती. फुकट! म्हणजे औषध सहा महिने आधीच आलं होतं.

तुम्ही म्हणाल, "सर, आमचं कापड बाजारात छोटं दुकान. आमचा काय संबंध?"

संबंध आहे. तुमची वेबसाइट वर्डप्रेसवर असेल, तर त्यातला फॉर्म एकाचा, पेमेंटचं बटण दुसऱ्याचं, फोटो गॅलरी तिसऱ्याची. हा सगळा परका माल. दुकानात बिस्किटाचा पुडा घेताना तुम्ही एक्स्पायरी बघता ना? मग इथे का नाही?

या आठवड्यात एवढं करा:

१. एक वही घ्या. वेबसाइट आणि बिलिंगमध्ये कोणकोणते प्लगइन आहेत, कोणाचे आहेत, शेवटचं अपडेट कधी झालं, ते लिहा.

२. न वापरलेले प्लगइन डिलीट करा. नुसतं बंद करून भागत नाही. फाइल सर्व्हरवर राहते आणि धोकाही राहतो.

३. आधी बॅकअप, मग अपडेट. हा क्रम चुकवू नका. बॅकअपची एक प्रत इंटरनेटपासून वेगळी ठेवा.

४. सॉफ्टवेअरवाल्याला लेखी विचारा: "सुरक्षेची दुरुस्ती आली की किती दिवसांत बसवणार? आणि ती एएमसीत धरली आहे का?"

चौथा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. "बघू, करू" असं तोंडी उत्तर आलं तर समजा, ते काम कोणाच्याच अंगावर नाही. सावेडी असो, संगमनेर असो, श्रीरामपूर असो, वेबसाइट बंद पडली की गिऱ्हाईक तुम्हालाच फोन करणार. तिसऱ्या कंपनीला नाही.

वहीचं पहिलं पान आजच लिहा. किती प्लगइन निघाले, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. मात्र त्यांची नावं तिथे लिहू नका. ती माहिती चोराच्याही कामाची असते!