किडनीत गाठी, मग मेंदूची तपासणी कशाला?

किडनीच्या तक्रारीसाठी आलेल्या रुग्णाला डॉक्टर विचारतात, 'घरात कुणी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले आहे का?' रुग्ण बुचकळ्यात पडतो. पण 'पॉलिसिस्टिक किडनी' या आनुवंशिक आजारात हा प्रश्न महत्त्वाचा असतो.

या आजारात दोन्ही किडन्यांत पाण्याने भरलेल्या असंख्य गाठी वाढत जातात. आई किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक अपत्याला होण्याची शक्यता ५० टक्के. ज्या जनुकांत दोष असतो, ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही काम करतात. मेंदूतल्या धमनीला फाटे फुटतात तिथे भिंत कमकुवत झाली, की ती सायकलच्या जुन्या ट्यूबसारखी फुगते. हाच अ‍ॅन्युरिझम. एरवी तो सुमारे ३ टक्के लोकांत सापडतो, या रुग्णांत १० टक्क्यांच्या आसपास. जवळच्या नात्यात असा फुगा आढळला वा फुटला असेल, तर प्रमाण आणखी वाढते. तो फुटतोही लवकर, अनेकदा चाळिशीत, किडनी बऱ्यापैकी काम करत असताना.

मग सर्वांचीच तपासणी करावी का? यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. सापडणारे बहुतेक फुगे लहान, ७ मिलिमीटरच्या आतले असतात आणि त्यांतले बरेचसे कधीच फुटत नाहीत. शस्त्रक्रियेतही जोखीम असते. शिवाय रुग्णाची झोप उडते ती वेगळीच. त्यामुळे घराण्यात असा इतिहास असलेल्यांची तपासणी आधी व्हावी, हे शहाणपणाचे. वैमानिकासारखा जोखमीचा व्यवसाय असेल, तरी तिचा विचार होतो. एमआर अँजिओग्राफी डायचे इंजेक्शन न देता करता येते, त्यामुळे किडनीला धोका नाही. घराण्यात इतिहास असेल, तर तपासणी निर्दोष आली तरी काही वर्षांनी ती पुन्हा करावी लागते.

खरी अडचण हा इतिहास मिळण्याचीच. आपल्याकडे अचानक गेलेला प्रत्येक माणूस 'अटॅकने गेला'. काका जाण्यापूर्वी डोके धरून बसले होते का, उलटी होऊन बेशुद्ध पडले होते का, हे आत्या किंवा आजीच सांगू शकतात. त्यांना विचारून मगच ओपीडीत यावे.

लहान फुगा सापडला, तर बहुधा ठरावीक काळाने स्कॅन करून लक्ष ठेवतात. तंबाखू-सिगारेट बंद आणि रक्तदाब आटोक्यात, हे मात्र सर्वांनाच लागू. आणि या घराण्यातल्या कुणाचे डोके क्षणार्धात, आयुष्यात कधी दुखले नव्हते इतके दुखू लागले, तर वेदनाशामक गोळी देऊन वाट पाहू नये. सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि किडनीच्या आजाराची माहिती दारातच द्यावी.